गॅसची फायरप्लेस की लाकडाची? आधी उदबत्ती लावून बघा

गेल्या जानेवारीत एका मित्राबरोबर घर बघायला गेलो होतो. न्यू जर्सीतलं, 1970च्या दशकातलं दुमजली घर. फॅमिली रूममध्ये विटांची ऐसपैस फायरप्लेस, तिच्यावर जाड लाकडी फळी, फळीवर विकणाऱ्यांनी हौसेने मांडलेल्या मेणबत्त्या. वहिनी तिथेच रेंगाळल्या. मित्राने मला बाजूला घेऊन विचारलं, "लाकडाची आहे रे. गॅसची करून घ्यावी का? ऑफिसात सगळे गॅसच म्हणतायत."

एजंटबाईंची परवानगी काढून मी खिशातली उदबत्ती पेटवली आणि फायरप्लेसच्या तोंडाशी धरली. धुराची रेघ आत वळून वर जायला हवी होती. ती वाकली आणि सरळ आमच्याकडे आली. आत हात घातला तर फ्रीजचं दार उघडल्यासारखी गार हवा मनगटावर उतरत होती. तळघरात फर्नेस धडधडत घर तापवतेय आणि इथे भिंतीतल्या भोकातून बाहेरची थंडी आत येतेय, असा सगळा प्रकार.

अमेरिकेत घर घेणारी आपली मंडळी थंडी सुरू झाली की हाच प्रश्न विचारतात: गॅस की लाकूड? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. आग उघडी आहे की बंद, आणि तिला लागणारी हवा येते कुठून, हा पहिला. त्याचं उत्तर मिळालं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

भिंतीतलं भोक

विटांच्या जुन्या फायरप्लेसमध्ये तीनच गोष्टी असतात. जिथे आग पेटते तो कोनाडा, त्याच्या वर धूर जायची उभी नळी म्हणजे फ्लू, आणि त्या नळीच्या तोंडाशी बसवलेली लोखंडी झडप म्हणजे डॅम्पर. आग पेटवण्याआधी डॅम्पर उघडायचा, पूर्ण विझल्यावर लावायचा. (पहिल्या वर्षी मी तो उघडायला विसरलो होतो. घरभर धूर, तीन अलार्म एकदम बोंबलतायत आणि शेजारी बर्फात चप्पल घालून दारात, हे एकदाच पुरतं.)

गरम हवा हलकी, म्हणून ती वर जाते. फ्लूमधून वर गेलेल्या हवेची जागा भरायला खोलीतली हवा आगीकडे ओढली जाते, आणि खोलीतली कमी झालेली हवा भरून काढायला खिडक्यांच्या फटींतून, दाराखालून, प्लगच्या भोकांतून बाहेरची गार हवा घरात शिरते. म्हणजे आगीसमोर बसलेल्याला मस्त ऊब आणि वरच्या मजल्यावर अभ्यास करणाऱ्या पोराचे पाय गार. शेकोटीसमोर बसल्यावर पोट भाजतं आणि पाठ गारठते, तसंच. फक्त इथे पाठ म्हणजे उरलेलं सगळं घर.

उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास उष्णता खोलीला मिळते. बाकीची धुराबरोबर आकाशात. त्यातून घराचा थर्मोस्टॅट त्याच खोलीत असला तर आणखी मजा. त्याला वाटतं घर तापलं, तो फर्नेस बंद करतो, आणि बेडरूममध्ये सगळे कुडकुडतात.

हे काही आज कळलेलं नाही. शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रमफर्ड यांनी 1796 साली यावर सविस्तर निबंध लिहिला. कोनाडा उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे आच खोलीत फेकली जाईल, आणि धुराड्याचा गळा अरुंद करा, असं त्यांचं सांगणं. त्यांच्या पद्धतीच्या फायरप्लेस अजूनही बांधल्या जातात. पण अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरी घरांमध्ये आहे तो खोल, चौकोनी खड्डा. तो दिसायला छान आणि हीटर म्हणून कुचकामी.

शेकोटी आणि बंब

आता आपल्या ओळखीच्या वस्तूकडे येऊ. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आठवतोय? मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. नळीच्या वरच्या तोंडातून धूर निघून जातो, पण जाता जाता उष्णता पाण्याला देऊन जातो. दोन-चार ढलप्यांत बादल्या भरून कढत पाणी मिळायचं. तेच लाकूड अंगणात तीन दगडांवर जाळून पाणी तापवा, दुप्पट-तिप्पट सरपण लागेल. लाकूड तेच, जाळ तोच. फरक फक्त आगीला कोंडून तिच्याकडून उष्णता वसूल करण्याचा.

लाकडाचा स्टोव्ह आणि इन्सर्ट हे दिवाणखान्यातले बंबच. इन्सर्ट म्हणजे जुन्या कोनाड्यात सरकवायची, काचेचं दार असलेली लोखंडी पेटी. तिच्यासाठी फ्लूमधून स्टीलची नवी नळी, म्हणजे लायनर, वरपर्यंत नेतात. पेटीत हवा किती सोडायची हे आपल्या हातात असतं. लाकडातून निघणारा ज्वलनशील धूर बाहेर पळण्याआधी पेटीच्या वरच्या भागात पुन्हा पेटतो. चुलीला मागे वैल असतो ना, पुढचा उरलेला जाळ वापरणारा? तशीच काटकसर, पण धुराची. चांगल्या स्टोव्हमध्ये लाकडातली 70 टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात येते. त्याच कोनाड्यात, त्याच लाकडाची, सातपट.

गॅसच्या तीन जाती

"गॅसची फायरप्लेस" या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

पहिली जात म्हणजे गॅस लॉग सेट. जुन्याच उघड्या कोनाड्यात सिरॅमिकचे खोटे ओंडके आणि खाली बर्नर. सगळ्यात स्वस्त आणि बसवायला सोपी. पण ही उघडी आगच. उष्णता धुराड्यातून जायची ती जातेच. शिवाय चुकून गॅस चालू आणि झडप बंद अशी वेळ येऊ नये म्हणून डॅम्परला क्लॅम्प लावून तो कायम थोडा उघडा ठेवावा लागतो. म्हणजे आधी निदान लावता येणारं भोक आता बाराही महिने उघडं! माझा मित्र ज्याला "गॅसची करून घेणं" म्हणत होता, ते नेमकं हे होतं.

दुसरी जात डायरेक्ट व्हेंट. इथे आग काचेच्या सीलबंद पेटीत असते. नळीत नळी असते: बाहेरच्या नळीतून बाहेरची हवा आगीला मिळते, आतल्या नळीतून जळका वायू बाहेर जातो. घरातल्या हवेला कुणी हातच लावत नाही. काचेच्या पेटीत ठेवलेला दिवा, ज्याचं नाक भिंतीबाहेर आहे, असं समजा. साधारण 65 ते 80 टक्के उष्णता घरात राहते. जुन्या कोनाड्यात बसणारे गॅस इन्सर्टही याच जातीचे मिळतात, त्यांच्या दोन्ही नळ्या जुन्या धुराड्यातून वर नेतात.

तिसरी जात व्हेंटलेस, म्हणजे बिनधुराड्याची. शंभर टक्के उष्णता घरात, अशी जाहिरात असते आणि ती खोटी नाही. पण उष्णतेबरोबर ज्वलनातून निघालेलं बाकीचं सगळंही घरातच राहतं. तासाला 30,000 बीटीयूची अशी फायरप्लेस तासाभरात सव्वा लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सोडते. मग खिडक्यांवर घाम येतो आणि कोपऱ्यात बुरशी धरते. नायट्रोजन डायऑक्साइडही खोलीतच. हवेतला ऑक्सिजन 18 टक्क्यांच्या आसपास उतरला की ती आपोआप बंद व्हावी म्हणून सेन्सर असतो, पण सेन्सर हवा शुद्ध करत नाही. कॅलिफोर्नियात घरांसाठी हिला मनाई आहे. मी हिला घरात घेणार नाही.

बीटीयू हा शब्द आला, त्याचा अंदाज घेऊन टाकू. एक पौंड पाण्याचं तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू, साधारण एक आगकाडी पूर्ण जळली की मिळते तेवढी. एक लाख बीटीयू म्हणजे एक थर्म, गॅसच्या बिलावर असतो तो. 30,000 बीटीयूची फायरप्लेस म्हणजे गावाकडच्या शेगडीचे तीन-चार बर्नर पूर्ण मोठे करून ठेवल्यासारखं. आपला 14.2 किलोचा सिलिंडर तिच्यावर लावला तर वीस-एकवीस तासांत संपेल. गावी आईचा सिलिंडर महिना-दीड महिना जातो. तिला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा "अगं बाई" म्हणाली आणि मग म्हणाली, "स्वेटर घाला."

लाकूड घेता, की पाणी?

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या जवळपास पाणी असू शकतं. असं लाकूड पेटवलं की आगीची बरीचशी ताकद ते पाणी उकळून उडवण्यातच जाते. जळण्यासाठी पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली हवं. त्यासाठी फोडलेली फाटी वाऱ्यावर रचून ठेवायची: पाइनला सहा महिने पुरतात, ओकला दोन उन्हाळे लागतात. दोन टोकदार काट्यांचं छोटं मीटर मिळतं. फाटी मधोमध चिरून, ताज्या चिरेवर ते टोचायचं, वरून टोचलं तर फसाल. मीटर नसेल तर दोन फाटी एकमेकांवर आपटा. सुकं लाकूड टणकन वाजतं, ओलं धप्प करतं.

ओल्या लाकडाचा खरा धोका वेगळाच आहे. अर्धवट जळालेला धूर गार फ्लूला टेकला की तिथे डांबरासारखा चिकट काळा थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. आपल्या चुलीवरच्या आढ्याला धरलेली काजळी तीच, पण ही घट्ट आणि पेट घेणारी. एखाद्या रात्री मोठा जाळ झाला की हा थरच पेटतो, आणि विमान उतरल्यासारखा आवाज करत धुराडं आतून जळतं. तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतं, लायनरला तडे जातात, आणि तिथून आग घराच्या लाकडी सांगाड्यात शिरते. म्हणून वर्षातून एकदा धुराडं तपासून घ्यायचं, आणि घर विकत घेताना फ्लूमध्ये कॅमेरा सोडून केलेली तपासणी मागायची. तिला लेव्हल 2 म्हणतात. घराची नेहमीची तपासणी करणारा माणूस टॉर्च मारून वर बघतो आणि पुढे जातो, तेवढ्यावर राहू नका.

इथे एक सावधगिरी. स्वस्तात धुराडं साफ करून देतो म्हणत एकजण माझ्याकडे आला होता. साफसफाई दहा मिनिटांत आटोपली, आणि मग "लायनर गेलाय, काही हजार डॉलर लागतील" म्हणून कागद पुढे केला. दुसऱ्या माणसाने कॅमेरा सोडून मला स्क्रीनवर दाखवलं: लायनर धडधाकट. कॅमेऱ्याचं चित्र बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे तेव्हापासून.

लाकूड कॉर्डवर विकतात. पूर्ण कॉर्ड म्हणजे 4 फूट रुंद, 4 फूट उंच, 8 फूट लांब असा रचलेला ढीग, 128 घनफूट. पण "फेस कॉर्ड" म्हणून विकतात तो ढीग समोरून तेवढाच दिसतो आणि खोलीला फक्त एका फाट्याएवढा, म्हणजे बहुतेकदा तिसरा हिस्सा असतो. भाव विचारताना कुठला कॉर्ड ते आधी विचारा. आणि लाकूड जवळपासचंच घ्या. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा 2002 साली मिशिगनमध्ये सापडला आणि जळाऊ लाकडाबरोबर प्रवास करत त्याने अ‍ॅशच्या झाडांची राज्यंच्या राज्यं ओसाड केली.

स्वस्त काय पडतं?

सुक्या ओकच्या एका पूर्ण कॉर्डमध्ये साधारण 2 कोटी 40 लाख बीटीयू असतात, म्हणजे 240 थर्म गॅसएवढी उष्णता. लाकडाचा चांगला स्टोव्ह आणि गॅसचा चांगला इन्सर्ट यांची कार्यक्षमता जवळपास सारखीच धरली तर हिशोब सोपा होतो: तुमच्या बिलावरचा एका थर्मचा पूर्ण भाव 240ने गुणा आणि कॉर्डच्या भावाशी ताडून बघा. पाइपलाइनचा गॅस असलेल्या उपनगरात दोन्ही आकडे बहुधा आसपास येतात, किंवा गॅसच स्वस्त पडतो. गावाबाहेर, टाकीतला प्रोपेन वापरणाऱ्यांकडे किंवा स्वतःच्या जागेतली झाडं असणाऱ्यांकडे लाकूड सहज जिंकतं.

हा हिशोब बंद आगीचा. उघड्या कोनाड्यात तोच कॉर्ड जाळला तर 24 लाख बीटीयू पदरात पडतील, आणि त्यातूनही फटींतून आलेल्या थंडीची वजाबाकी करायची.

गॅसमध्ये एक छुपा खर्च असतो: सतत जळणारी छोटी पायलट ज्योत. ती महिन्याला पाच-सात थर्म खाऊ शकते. उन्हाळ्यात ती बंद करून ठेवा, किंवा गरजेला ठिणगी पाडून पेटणारं मॉडेल घ्या. लाकडातला छुपा खर्च तुमची कंबर. फाटी आणा, रचा, झाका, आत आणा, राख काढा. आणि ती राख! वरून गार दिसते, आत निखारा तीन-चार दिवस जिवंत राहतो. कागदी पिशवीत भरून गॅरेजमध्ये ठेवलेल्या राखेने घरं जळालेली आहेत. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरायची आणि डबा घरापासून लांब ठेवायचा.

"आमची आजी जन्मभर चुलीपुढे बसली, तिला काय झालं?"

हा आक्षेप हमखास येतो, बहुधा जिने फुंकणी कधी हातात धरली नाही अशा पिढीकडून. आजीचे लाल डोळे आणि पहाटेचा खोकला आपण म्हातारपणाच्या खात्यावर टाकला होता. लाकडाच्या धुरात पीएम 2.5 भरपूर असतात. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे. ते नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. दमा असलेलं मूल किंवा भारतातून थंडीत राहायला आलेले, हृदयाचं दुखणं असलेले आजोबा घरात असतील तर उघडी लाकडाची आग हा विषय माझ्यापुरता तिथेच संपतो.

गंमत बघा. 2016 साली भारत सरकारने उज्ज्वला योजना आणली ती बायकांना चुलीच्या धुरातून बाहेर काढायला. आणि आपण सातासमुद्रापार येऊन दिवाणखान्यात लाकूड जाळायला पैसे मोजतो.

चांगल्या स्टोव्हने धूर खूप कमी होतो हे खरं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे 2020पासूनचे नियम नव्या स्टोव्हला तासाला 2 ते अडीच ग्रॅम कणांपर्यंतच परवानगी देतात. पण ती चाचणी सुक्या लाकडाची आणि नीट पेटवलेल्या आगीची असते. रात्री झोपताना हवा कमी करून ओली फाटी कोंबणाऱ्या माणसाची चाचणी कुणी घेत नाही.

गॅसला धूर नाही, मग धोका कसला?

धूर दिसत नाही, हाच. नळी पक्ष्याच्या घरट्याने किंवा बर्फाने तुंबली की कार्बन मोनॉक्साइड घरात साठू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, फ्लूचा ताप आला असं वाटून माणूस झोपतो. गॅसचा जो "वास" आपण ओळखतो तो न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्केप्टनचा. टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत 1937 साली बिनवासाच्या गळतीने स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, त्यानंतर हा वास मिसळण्याचे नियम आले. पण कार्बन मोनॉक्साइडचा असा वास येत नाही. म्हणून लाकूड असो वा गॅस, प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचा अलार्म हवाच.

आपल्या घरांमध्ये आणखी एक भानगड असते, ती इथल्या माहितीपत्रकात सापडत नाही. फोडणीचा ठसका जावा म्हणून आपण स्वयंपाकघरात दांडगा एक्झॉस्ट पंखा बसवतो. तो मिनिटाला चारशे-सहाशे घनफूट हवा बाहेर फेकतो. त्याच वेळी फॅमिली रूममध्ये उघडी आग असेल तर दोघांची रस्सीखेच होते, आणि बहुधा पंखा जिंकतो. धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा फिरून घरात येतो. पाहुणे सोफ्यावर, मिरच्या कढईत, आणि डोळे सगळ्यांचेच लाल. डायरेक्ट व्हेंटला हा त्रास नाही, कारण ती घरातली हवा घेतच नाही. उघडी आग असलीच तर पंखा लावताना जवळची खिडकी इंचभर उघडी ठेवा.

रांगतं मूल असेल तर काचेकडे लक्ष द्या. गॅसच्या फायरप्लेसची काच हात भाजण्याइतकी तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. 2015पासून बनलेल्या मॉडेलमध्ये काच 172 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 78 अंश सेल्सियसच्या वर तापत असेल तर पुढे जाळी देणं सक्तीचं आहे. जुन्या घरात ही जाळी नसते किंवा आधीच्या मालकाने "दिसायला बरं" म्हणून काढून टाकलेली असते.

वीज गेली तर?

फेब्रुवारी 2021मध्ये टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज कडाक्याच्या थंडीत गेली. लोकांनी बंद गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचे बळी गेले. तेव्हापासून फायरप्लेस म्हटलं की हा प्रश्न आलाच.

लाकडाचा स्टोव्ह विजेवर अवलंबून नाही. त्याच्यावर पिठलं शिजेल, चहा होईल. गॅसचं मात्र मॉडेलवर आहे. सतत पायलट असलेल्या जुन्या पद्धतीत त्या ज्योतीच्या उष्णतेतूनच एक व्होल्टहून कमी वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडते, त्यामुळे ती चालू राहते. मघाशी पायलटला नावं ठेवली, तिचा हा गुण. नव्या ठिणगीवाल्या मॉडेलमध्ये बॅटरीची सोय आहे का, ते विचारून घ्या. गरम हवा फेकणारा पंखा दोन्हीकडे बंद पडेल. आणि टेक्सासमध्ये गॅसच्या विहिरी गोठून गॅसपुरवठाही घटला होता, हे लक्षात असू द्या. अंगणात रचलेला ढीग मात्र कुणी बंद करू शकत नाही.

"लाकूड तर नैसर्गिक. पर्यावरणाला तेच बरं ना?"

याचं सरळ उत्तर नाही. झाडाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बन जळताना परत जातो, हे खरं. पण झाड एका संध्याकाळी जळतं आणि पुन्हा उभं राहायला काही दशकं जातात. वादळात पडलेलं अंगणातलं झाड जाळणं वेगळं आणि त्यासाठी उभं झाड तोडणं वेगळं. गॅस हे खनिज इंधन, आणि त्याचा मुख्य घटक मिथेन न जळता गळला तर वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट हवा तापवतो. हवामानाच्या दृष्टीने दोन्ही डागाळलेले. शेजाऱ्याच्या नाकाच्या दृष्टीने गॅस बरा.

शहरांनी आपापला निवाडा केला आहे. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात 1 नोव्हेंबर 2016पासून नव्या बांधकामात लाकूड जाळणारं उपकरण बसवता येत नाही. माँट्रियलमध्ये 2018च्या ऑक्टोबरपासून तासाला अडीच ग्रॅमहून जास्त कण सोडणाऱ्या उपकरणांना बंदी आहे, मात्र वीज तीन तासांहून जास्त गेली तर सवलत. लंडनमध्ये 1952च्या जीवघेण्या धुरक्यानंतर 1956चा कायदा आला, आणि आजही बहुतेक भागात साध्या उघड्या आगीत लाकूड जाळता येत नाही, मान्यताप्राप्त स्टोव्हच लागतो. गॅसवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने 2019 साली नव्या इमारतींत गॅसची जोडणीच बंद केली होती. 2023 साली अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळलं. पैसे मोजण्याआधी आपल्या गावाचा नियम आणि घरविम्याची अट, दोन्ही फोन करून विचारा.

मग घ्यायचं काय?

आठवड्यातून दोन-चार संध्याकाळी बटण दाबून ऊब आणि ज्योत हवी असेल आणि दारात पाइपलाइन असेल, तर डायरेक्ट व्हेंट गॅस इन्सर्ट. वीज वारंवार जाते, जागा मोठी आहे, लाकूड जवळ मिळतं आणि अंगमेहनतीचा कंटाळा नाही, तर लाकडाचा चांगला स्टोव्ह. ख्रिसमसला एकदा पेटवायची हौस असेल तर काहीच बदलू नका: धुराडं साफ करून घ्या, डॅम्पर नीट बसवा, आणि उरलेलं वर्ष फ्लूमध्ये फुगवून बसवायचा फुगा ठेवून भोक बुजवा. आग पेटवण्याआधी तो काढायचा, एवढं फक्त विसरू नका. गॅस लॉग सेट मात्र मी कुणालाच सुचवत नाही. त्यात लाकडाचा वास नाही आणि गॅसची ऊबही नाही.

"गॅसचा जाळ खोटा दिसतो" ही तक्रार मला पटते. खोट्या ओंडक्यांवरची ती एकसारखी ज्योत पाच मिनिटांत पाठ होते. लाकडाची आग बघत माणूस तासभर बसतो, मधूनच एखादं फाटं सरकवतो, कुणीतरी जुनी गोष्ट काढतो. याची किंमत थर्ममध्ये निघत नाही, आणि ज्याला ती मोलाची वाटते त्याने काचेच्या दाराआड ती खुशाल पेटवावी.

मित्राने घर घेतलं. फॅमिली रूममध्ये गॅस इन्सर्ट बसवला, कारण सासूबाईंना दमा आहे. आधीच्या मालकाने मागच्या कुंपणाशी ओकचा अर्धा कॉर्ड सोडला होता, ताडपत्री न घालता. परवा मी मीटर टोचून बघितलं: 31 टक्के. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट बघायची, मग अंगणात शेकोटी करून कणसं भाजायची असं ठरलंय.